मुका हात

अंबाबाईचं तोंड बंद झालं आणि हात मात्र चालला, एवढंच काय ते घडलं. शनिवारची संध्याकाळ, पांढुर्ण्याचा बसस्टँड, सव्वापाचची वेळ. गौतम सौंसरच्या बसची वाट पाहत उभा होता. खांद्याला पिशवी, पिशवीत वह्या, आणि डोक्यात शाळेची ती एक विशिष्ट पोकळी, जी शनिवारी शेवटचा तास संपल्यावर आपोआप तयार होते आणि तिच्यात काहीही शिरू शकतं. समोर संत्रीवाली अंबाबाई जमिनीवर पोतं पसरून कुणा लग्नघरच्या माणसाला शंभर संत्री मोजून देत होती. एका हातात तीन, दुसऱ्या हातात दोन, मिळून एक हात. ‘लाभ... दोन... तीन...’ असं सुरात, कारण पहिल्याला एक म्हणत नाहीत, पहिला तो लाभ. विसाव्या हाताला ती थांबली. झाले शंभर. मग तिनं ओठ घट्ट मिटले, आणखी पाच संत्री उचलली आणि काही न म्हणता त्या माणसाच्या पोत्यात सोडली. घेणारानं पोत्याचं तोंड बांधलं आणि तो चालता झाला. “अंबाबाई,” त्यानं विचारलं, “हे शेवटचे पाच मोजले नाही तुमी?” म्हातारीनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं सूर्य कुठून उगवतो म्हणून विचारलं. “अवो सर, ते वरचे! एखांदं सडकं निंगालं त त्याच्यापायी. वरचे कोनी मोजते का? मास्तर हा ना तुमी?” हो, मास्तरच होता तो. गणिताचा. आणि तेवीस वर्षं गणित शिकवलेल्या त्या मास्तरला तिथं, बसस्टँडवर, वर्गातल्या दामिनीच्या वहीतलं सत्तावन्न आठवलं.

बस आली, त्याला खिडकीची जागा मिळाली, आणि बस सुटायच्या आधीच त्यानं पिशवीतल्या वह्या मांडीवर उपसल्या. दामिनीची वही तळाशी होती, मागं पडलेल्या मुलांच्या वह्या तळाशीच जातात. पाचशेवर दर शेकडा बारा, तर किती? पोरीनं लिहिलं होतं सत्तावन्न. खाली त्याच्याच लाल शाईत: ‘हे कुठून आणलं?’ उत्तर साठ आहे, दहावीच्या काय, सहावीच्या पोराला यायला हवं. पण आता तो साठ पाहत नव्हता, सत्तावन्न पाहत होता. पाचशे संत्री समोर आहेत असं समज, तो स्वतःला म्हणाला. शंभर मोजले, पाच वरचे टाकले, म्हणजे एकशे पाच गेले. असे चार शेकडे भरले की चारशे वीस गेले. उरले ऐंशी, पाचवा शेकडा भरतच नाही. चार शेकड्यांचे बारा बारा अठ्ठेचाळीस, आणि एकशे पाचाला बारा या हिशेबानं ऐंशीचे नऊ आणि जरासे. सत्तावन्न. त्यानं घाईघाईनं पानं मागे उलटली. एकवीसशेचे शेकडा आठ: तिचं उत्तर एकशे साठ, पुस्तकाचं एकशे अडुसष्ट. एकवीसशे म्हणजे वीस शेकडे आणि वरचे शंभर, वीस आठे एकशे साठ, बरोबर. आठशे चाळीसचे शेकडा पाच: चाळीस. आठ शेकडे, वरचे चाळीस, आठा पाचा चाळीस, बरोबर! बरोबर म्हणजे चूक, पण एकच चूक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच, न चुकता केलेली. तो मोठ्यानं हसला. शेजारच्या बाईनं मांडीवरचं पोर जरा पलीकडे सरकवलं. त्याला तिला सांगावंसं वाटलं की बाई, घाबरू नका, माझ्या वर्गातली एक पोरगी ढ नाही असं मला आत्ताच कळलंय, माणसाला एवढं हसू येऊ नये का?

दामिनी मागच्या वर्षी दहावीला बसली आणि गणितात गेली. बाकी सगळे विषय निघाले, हिंदी, मराठी, विज्ञान, सगळे, एकटं गणित अडकलं. अशा मुलांसाठी ओपन बोर्डाची डिसेंबरची परीक्षा असते, अडकलेला विषय तेवढा द्यायचा, आणि त्या पेपरात शेकडेवारी, व्याज, नफा-तोटा यांचाच भरणा. त्याच्या तयारीला रोज शाळा सुटल्यावर दीड तास वर्ग. सरकारी कागदावर त्याचं नाव उपचारात्मक वर्ग, म्हणून शाळेतली पोरं त्याला दवाखाना म्हणत, आणि वर्गाबाहेरून जाताना मुद्दाम खोकत. एकोणीस पेशंट आणि गौतम सर डॉक्टर. पहिल्याच दिवशी गौतमनं त्यांना सांगितलं होतं, पुस्तकाची भीती सोडा, घरी मोजता तसं मोजा. ते वाक्य त्याला स्वतःला फार आवडलं होतं, घरी जाऊन बायकोला, पुष्पालाही त्यानं ऐकवलं होतं. आता बस रस्त्यात कुठंतरी धक्के खात होती आणि ते वाक्य त्याच्या कानात परत परत येत होतं. घरी मोजता तसं मोजा. एकोणीसपैकी एकीनं त्याचं शब्दाला शब्द ऐकलं. वयाच्या नवव्या वर्षापासून आईबरोबर संत्र्यांच्या बगिच्यांत मोजणीला जाणारी पोरगी, तिनं घरी मोजते तसंच मोजलं. आणि नोव्हेंबरात प्राचार्यांनी तीन याद्या मागितल्या, नक्की निघतील ते, जोर लावला तर निघतील ते, आणि निघणार नाहीत ते, तेव्हा तिसऱ्या यादीत त्यानं चार नावं लिहिली. तिसरं नाव दामिनीचं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, त्यांचं म्हणणं एवढंच होतं की वेळ थोडा आहे, तो जिथं फळेल तिथं घाला. तेव्हापासून त्या चौघांना गौतमनं वीस नेमके प्रश्न पाठ करायला दिले होते आणि फळ्याकडे बोलावणं बंद केलं होतं. पेपर सोमवारी होता. दामिनीच्या आईनं, शोभानं, शाळेत येऊन स्पष्ट सांगितलं होतं, यंदा निघाली तर पुढं शिकवू, नाहीतर माझ्यासोबत मोजणीला, सर, परत परत कोण बसवतं.

आणि हे सगळं त्याला माहीत होतं, ही खरी गोष्ट होती. ऐकीव नव्हे, हाताला माहीत होतं. त्याचा बाप चिंधू हा सौंसर भागातल्या बगिच्यांमधला मोजणीवाला होता. अक्षर येत नव्हतं, सही म्हणजे अंगठा, पण संत्र्यांच्या ढिगाकडे पाहून किती शेकडे निघतील ते सांगायचा आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच चुकायचा. लहान गौतम त्याच्या शेजारी चिंचोक्यांची पिशवी घेऊन बसायचा, दर शेकड्याला एक चिंचोका बाजूला. बापाचा आवाज एकसुरी, गोड, झोप आणणारा, ‘लाभ... दोन... तीन...’, आणि विसावा हात झाला की मध्येच शांतता. त्या शांततेत पाच संत्री पडायची. बाप त्याला मुका हात म्हणायचा. मुका हात झाला की चिंचोका टाकायचा, ही खूण. आधी टाकला तर बाप ओरडत नसे, नुसता थांबायचा. ढिगातून वर येणारा तो आंबटसर वास, देठांची हिरवी धूळ, नखांमध्ये बसलेलं साल जे शाळेत गेल्यावरही जात नसे, सगळं त्याला आता बसमध्ये असं आलं की त्यानं नकळत स्वतःचे हात नाकाजवळ नेले. डिझेलचा वास होता आणि खडूचा. आणि मग ते आलं, जे यायला नको होतं. पाचवीत, शाळेत, त्यानंही तेच केलं होतं! एकशे पाच म्हणजे एक शेकडा. वर्गात सगळे हसले, गुरुजींनी वही बाकावर आपटली. संध्याकाळी तो रडत घरी आला, तर बापानं वही हातात घेतली, उलटी धरली होती, आणि म्हणाला, “कसं केलं ते सांग मले.” गौतमनं सांगितलं. बापानं ऐकून घेतलं, अगदी सगळं, मध्ये न बोलता. मग म्हणाला, “बरोबर हाय तुह्यं. पन शाळेत मुका हात सोडून देत जा बेटा. तेथं माल सडत नाही.”

एवढंच. एका वाक्यात बापानं त्याला वर्गात बसवलं, आणि त्या वाक्यावर तो पास होत गेला, बीएस्सी झाला, बीएड झाला, मास्तर झाला, सौंसरात दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं. आणि वाक्य कुठंतरी टाकून दिलं. बापाला आपण मास्तरांच्या बैठकीत मोजणीवाला म्हणून सांगत नव्हतो, शेतीकामात होते असं म्हणत होतो, हेही त्याला तिथंच आठवलं. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून पुन्हा तीच गमतीची, हलकी, हसू आणणारी गोष्ट वर यायला लागली: पोरीला गणित येतं. एवढंच नव्हे, तर तिनं एकशे पाचाचे भाग पाडून ऐंशीला नऊ काढले, तोंडी, कागदाशिवाय, आणि ते आपल्या वर्गातल्या पहिल्या यादीतल्या एकालाही जमणार नाही. त्याला बस थांबवून उलट जावंसं वाटत होतं. शाळेच्या रजिस्टरमधून फोनमध्ये उतरवलेला दामिनीचा नंबर त्यानं तीनदा लावला, तीनदा बंद आला, तो तिच्या बापाचा नंबर होता आणि तो कुठल्या बगिच्यात असेल कोण जाणे. घरी पुष्पानं दार उघडलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, “काय झालं? बदली झाली का?” तो म्हणाला, “नाही. चूक सापडली.” “कोनाची?” “माही.” “मंग हसून काय राहिले?” जेवताना त्यानं तिला सगळं सांगितलं, बापाच्या मुक्या हातासकट, जे लग्नाच्या एकोणीस वर्षांत त्यानं कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “मामंजी हुशार होते. मले आधीच वाटे.” मग तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, “सकाळी पहिली बस कितीची हाय?”

रविवारी सकाळी तो पांढुर्ण्यात उतरला आणि तिथून ऑटोनं दामिनीच्या गावी, तिगावला गेला. धुकं होतं, रेल्वे लाइनच्या कडेनं चालताना त्याच्या मनात नाना शंका यायला लागल्या. समजा आपण चुकलो. समजा सत्तावन्न हा नुसता योगायोग, एकशे साठ हाही योगायोग, आणि माणसाला जे हवं ते तो कुठंही पाहतो. समजा पोरगी मोजणीला गेली असेल, सोमवारी थेट पेपरलाच भेटेल. समजा एका दिवसात सवय सुटलीच नाही, हाताची सवय कुठं अशी सुटते, उलट आहे तेही गोंधळून बसायची. पास होणार नाही असं लिहून टाकणं किती सोपं असतं, शांत असतं, आपण स्वतः त्या यादीतून मोकळे होतो, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं चालण्याचा वेग वाढवला. घर स्टेशनच्या मागं होतं. शोभा अंगणात पाणी शिंपडत होती. सरांना पाहून तिचा हात थांबला, चेहरा उतरला, कारण मास्तर रविवारी घरी येतो तो चांगलं सांगायला येत नाही. “काय झालं सर? बसू नाही देऊन राहिले का तिले?” “बसन, बसन,” गौतम म्हणाला. “दामिनी हाय का घरी? मले तिले एक विचारायचं हाय.”

दामिनी आतून आली, ओले केस, हातात त्या वीस प्रश्नांचा कागद, घड्या पडून पडून मऊ झालेला. गौतमनं बाजेवर बसून तिची वही उघडली, बोट सत्तावन्नावर ठेवलं, आणि वहीत लिहिलेलं वाक्य तो प्रथमच खरोखर विचारण्यासाठी म्हणाला. “हे कुठून आणलं?” पोरगी आईकडे पाहायला लागली. “रागावून नाही विचारून राहिलो,” तो म्हणाला. “कसं केलं ते सांग मले.” आणि मग तो गप्प बसला, अगदी बाप बसायचा तसा नाही, त्याला तेवढं जमलं नाही, त्याचा पाय हलत होता. दामिनी आधी अडखळली. मग तिचे हात नकळत पुढं आले, तीन आणि दोन. “पाचशेत चार शेकडे भरतात सर. पाचवा नाही भरत, कावून का वरचे वीस गेले. ऐंशी उरले. शेकड्याले बारा म्हनलं त चाराचे अठ्ठेचाळीस. ऐंशीले नऊ. थोडे नवाच्या वर, पन मी नऊच धरले.” गौतमनं डोळे मिटले. इतका हलका तो गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता, बाजेवर बसल्या जागी आपण वर उचलले जातोय की काय असं त्याला वाटलं. “बरोबर हाय तुह्यं,” तो म्हणाला. “पन पुस्तकातले लोक वरचे देत नाहीत.” “एकबी नाही?” “एकबी नाही. शंभर म्हनजे शंभरच.” दामिनीनं जरा विचार केला. “मंग सडकं निंगालं त?” “पुस्तकात सडत नाही.” शोभा पदर तोंडाला लावून हसायला लागली, “भारी कंजूस हायेत बाप्पा पुस्तकवाले,” आणि दामिनी मात्र हसली नाही, ती वहीकडे पाहत होती, पानं मागे उलटत होती, एकेका लाल फुलीवर थांबत होती.

मग तिनं पेन घेतला. पाचशे: साठ. एकवीसशे: एकशे अडुसष्ट. आठशे चाळीस: बेचाळीस. तिसऱ्या गणिताला हात पुन्हा पुढं आले, तिनं ते मांडीखाली दाबून धरले आणि तोंडी केलं. चौथ्याला जुनी सवय परत आली आणि उत्तर चुकलं, तिनंच खोडलं, त्यानं काही म्हणायच्या आत. मग सरळ अकरा गणितं. शोभानं चहा आणून ठेवला, तो निवला, तिनं परत गरम केला. एक मालगाडी गेली, घर थरथरलं, कोणी वर पाहिलं नाही. अकराव्या उत्तराखाली रेघ ओढून दामिनीनं वही त्याच्याकडे सरकवली आणि शोभानं दारातूनच विचारलं, “निघन का सर?” “निघन,” गौतम म्हणाला, आणि आयुष्यात त्यानं हा शब्द अनेक आयांना दिला होता, पण आज तो पहिल्यांदा जड नव्हता. शोभा पाटावर खाली बसली, नुसती बसली, हात मांडीत घेऊन. आता उठावं, जावं, असं त्याला वाटलं. काम झालं होतं. पण असं मोकळं होऊन जाणं त्याला बरं वाटेना, कारण एक गोष्ट त्या वहीत नव्हती आणि ती फक्त त्याला ठाऊक होती.

“दामिनी, एक सांगायचं हाय,” तो म्हणाला. “नोव्हेंबरात मी प्राचार्यांले याद्या देल्या होत्या. कोन निघन, कोन नाही निघनार. त्याच्यात तुह्यं नाव मी...”

“तिसऱ्या यादीत,” ती म्हणाली. “माहीत हाय सर.”

“कोनं सांगितलं?”

“कोनंच नाही. तो कागद तुमी माह्याच हातात देला होता, हापिसात नेऊन दे म्हून. घडी नोती घातली.”

गौतमला आठवलं नाही. त्यानं प्रयत्न केला, तरी कोण होतं, कुणाच्या हातात दिला, काही आठवलं नाही. दाराजवळ जो बसला असेल त्याच्या हातात दिला असेल, कागद असाच देतात. नोव्हेंबरपासून आजपर्यंत किती दिवस झाले ते त्यानं मनात मोजलं. ही पोरगी त्या प्रत्येक दिवशी शाळा सुटल्यावर दीड तास त्याच्यासमोर बसली होती आणि मग अंधारायच्या आत गाडी पकडून तिगावला आली होती. “वाचून बी तू येत राहिली?” त्यानं विचारलं. त्याला स्वतःचा आवाज फार लहान वाटला.

“तुमी रोज हजेरी घ्याचे ना,” दामिनी म्हणाली. “पहिल्या यादीवाल्यायची घेत, तशीच माही बी. एकबी दिवस नाव सोडलं नाही तुमी. मी म्हने, सर म्हनतात निघनार नाही, पन बोलावून त राहिले ना.” तिनं वहीचं नवं पान उघडलं, वर तारीख लिहिली, समास आखला. “नफा-तोटा राह्यला सर. सांगा ना. उद्या पेपर हाय.”

गौतमनं सांगायला सुरुवात केली. एका व्यापाऱ्यानं अमुक रुपयांना वस्तू घेतली, इथपर्यंत नीट आलं, मग पुढचा आकडा सुचेना आणि तो थांबला. दामिनीनं मान वर केली नाही, पेन कागदावर टेकवून ती वाट पाहत राहिली, आणि शोभा पाण्याचा तांब्या घेऊन आली.